पावती मालकाच्या नावाची, बोजा कोणाचा?

प्रश्न : आमच्या सामाजिक विम्याचा निम्मा हप्ता मालक भरतो, निम्मा आमच्या पगारातून कापला जातो. कंपनीच्या नफ्यावरचा कर वेगळाच. म्हणजे करांचा जास्त भार भांडवलच उचलते, असे म्हणता येईल का? – एक वाचक

उत्तर : नाही. अर्थशास्त्र शिकवताना मी वर्गात पहिल्यांदा हाच गैरसमज दूर करायचो. पावती कोणाच्या नावाने फाडली, यावर बोजा कोणावर पडला हे ठरत नाही.

समजा, एका कारखान्यात कच्च्या मालाचा खर्च वजा जाता १०० उरतात. ६५ कामगारांचे, ३५ भांडवलाचे. आता वेतनावर १० चा हप्ता लागला आणि तो सगळा मालकानेच भरायचा, असा कायदा झाला. मालक एवढेच बघतो, की माणूस आपल्याला एकूण कितीला पडतो. आकडा ६५ च्या वर गेला की भरती थांबते, पगारवाढ लांबते. काही वर्षांत कामगारांच्या हाती ५५ येतात, सरकारकडे १० जातात आणि भांडवलाचे ३५ जागच्या जागी राहतात. कामगारांना दुसरीकडे सहज काम मिळत असेल किंवा संघटना भक्कम असेल, तर मालकालाही थोडी झळ बसते. चिलीमध्ये १९८१ साली उलटे घडले : मालकांवरचा असा कर बराच कमी झाला. जोनाथन ग्रुबर यांनी १९९७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिसले की वाचलेली रक्कम जवळजवळ पूर्ण वेतनवाढीत गेली होती.

नफ्यावरच्या कराचे गणित अवघड आहे. अर्नोल्ड हार्बर्गर यांनी १९६२ मध्ये असे दाखवले, की भांडवल देशाबाहेर जाऊ शकत नसेल तर हा कर बहुतांशी भांडवलच सोसते. ते जाऊ शकत असेल तर नवी यंत्रे येत नाहीत, कामगाराची उत्पादकता अडते आणि मागोमाग वेतनही. जर्मनीतील नगरपालिकांच्या व्यवसाय कराचा २०१८ चा अभ्यास सांगतो, की सुमारे निम्मा भार कामगारांवर येतो. ज्याला पळता येत नाही, तोच कर भरतो. म्हणूनच जमिनीवरचा कर मला सर्वांत न्याय्य वाटतो. जमीन उचलून कोणी नेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नात कामगारांचा वाटा किती, हे दाखवणारे वृत्तपत्रांतले आलेख फसवतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मालकाने भरलेला हप्ता ‘कामगारांचा मोबदला’ म्हणूनच धरतात. विक्रीकर मात्र वेगळा, सरकारच्या रकान्यात दिसतो. उद्या सरकारने विक्रीकर घटवून विम्याचा हप्ता वाढवला, तर हाती एक छदामही जास्त न येता कामगारांचा वाटा कागदावर वाढलेला दिसेल. त्यामुळे पुढच्या वेतनकराराच्या वेळी तुमच्या संघटनेने मालकाला तुमच्यावर होणारा एकूण खर्च मागावा, त्याशेजारी हाती पडणारी रक्कम मांडावी आणि या दोन आकड्यांवरच बोलावे.