‘देवदूतांची पूजा’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे : “२९ सप्टेंबरच्या सणाविषयी मजकूर लिहिताना मी ‘कॅथलिक भाविक देवदूतांची पूजा करतात’ असे वाक्य लिहिले. त्यावर एका ख्रिस्ती वाचकाने हरकत घेतली. पूजा, आराधना, प्रार्थना, वंदन यांपैकी येथे कोणता शब्द योग्य? आणि मायकल हा देवदूत असेल, तर त्याला ‘संत’ कसे म्हणतात?”

हरकत रास्त आहे; मात्र ‘पूजा’ हा शब्द हिंदू परंपरेतला आहे, हे तिचे कारण नव्हे. मराठीत पूजेचा पैस मोठा आहे. आपण दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतो, पत्राच्या मायन्यात वडिलांना ‘पूज्य’ लिहितो, आणि यांपैकी कशालाही वा कोणालाही विश्वाचा निर्माता समजत नाही. एवढ्या सैल अर्थाने घेतले, तर तुमचे वाक्य खपूनही जाईल. अडचण ही, की कॅथलिक श्रद्धेत नेमकी हीच सैल जागा बाराशे वर्षांपूर्वी आखून घेतलेली आहे. इ. स. ७८७ मध्ये नायसिया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने, चर्चमध्ये पवित्र प्रतिमांना मान द्यावा की नाही या वादाचा निर्णय करताना, केवळ देवालाच अर्पण करायची उपासना वेगळी आणि संत, देवदूत व त्यांच्या प्रतिमा यांना द्यायचा मान वेगळा, असे स्पष्ट केले. पहिलीला ग्रीकमध्ये ‘लात्रेइया’ म्हणतात; दुसऱ्या प्रकाराला धर्मशास्त्रात ‘दुलिया’ हे नाव रूढ झाले. मराठीत ‘आराधना’ हा शब्द पहिल्या अर्थासाठी राखून ठेवावा आणि दुसऱ्यासाठी ‘वंदन’ किंवा ‘सन्मान’ म्हणावे. ‘पूजा’ दोन्हींकडे ओढली जाते, म्हणून या संदर्भात ती टाळलेली बरी.

‘देवदूत’ हा शब्द ख्रिस्ती मिशनऱ्यांनी घडवलेला नाही. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरकाची वाट दाखवायला देवांनी पाठवलेला देवदूतच पुढे चालतो, आणि पाली त्रिपिटकातील एका सुत्तात तर म्हातारपण, आजार व मरण यांनाच देवदूत म्हटले आहे. बायबलमधील मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांचाही अर्थ ‘निरोप्या’ असाच असल्यामुळे भाषांतरकारांना हा शब्द आयताच मिळाला. मात्र त्याचा विग्रह ‘देवाचा दूत’ असा षष्ठी तत्पुरुषच करायचा. ‘देव असा दूत’ असा कर्मधारय मनात आला, की घोटाळा सुरू होतो. संत ऑगस्टीन यांनी म्हटले आहे, की ‘दूत’ हे त्यांच्या कामाचे नाव आहे. त्यांचे स्वरूप विचाराल, तर ते आत्मे आहेत. बायबलच्या अखेरच्या पुस्तकात योहान देवदूताच्या पायाशी लोटांगण घालतो, तेव्हा तो देवदूतच त्याला आवरतो : मीही तुझ्यासारखाच सेवक आहे, नमन देवाला कर.

आता ‘प्रार्थना’. ‘देवदूताची प्रार्थना’ या शब्दांतली षष्ठी फसवी आहे. देवदूताने केलेली प्रार्थना, देवदूताला उद्देशून केलेली प्रार्थना आणि देवदूताच्या उल्लेखाने सुरू होणारी प्रार्थना, असे तिन्ही अर्थ तीतून निघतात. तिसऱ्याचे ठळक उदाहरण म्हणजे आंजेलुस. सकाळी, दुपारी व संध्याकाळी चर्चची घंटा झाल्यावर म्हणायची ही प्रार्थना ‘प्रभूच्या दूताने मारियेला संदेश दिला’ या अर्थाच्या ओळीने सुरू होते, त्यावरूनच तिला हे नाव पडले. पण तीत देवदूताला उद्देशून एक अक्षरही नाही. विनंती येशूची आई मारिया हिला केली जाते, आणि शेवटचे मागणे थेट देवाकडे असते.

देवदूताला खरोखर उद्देशून असलेल्या प्रार्थनाही आहेत, आणि त्यांची वाक्यरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कॅथलिक घरांतून मुलांना शिकवल्या जाणाऱ्या राखणदार देवदूताच्या छोट्या लॅटिन प्रार्थनेचे संबोधनच ‘देवाच्या दूता’ असे आहे, म्हणजे षष्ठी तेथेही सुटत नाही. पुढे मला उजेड दाखव, माझे रक्षण कर असे मागणे येते खरे, परंतु ‘वरच्या दयेने ज्याला तुझ्या हवाली केले आहे, त्या मला’ अशी जोड देऊन. म्हणजे सोपवलेले काम पार पाड, एवढेच म्हणणे. तेरावे लिओ पोप असताना १८८६ मध्ये प्रसृत झालेली मायकलची प्रार्थना याहून बोलकी आहे. ‘लढाईत आमचे रक्षण कर’ असे मायकलला विनवून झाल्यावर सैतानाला दटावण्याची वेळ येते, तेव्हा क्रियापदाचा कर्ता बदलतो : देव त्याला दटावो, अशी आम्ही नम्रपणे याचना करतो. यामागे बायबलमधील यहूदाच्या पत्रातील प्रसंग असावा, असे मला वाटते. तेथे मोशेच्या शरीरावरून सैतानाशी वाद चालू असताना खुद्द मायकलही आपल्या अधिकाराने दोषारोप न करता ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच म्हणतो. म्हणून ‘देवदूताची विनवणी करणे’, ‘देवदूताचे साहाय्य मागणे’ किंवा ‘देवदूताला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगणे’ या रचना निर्धोक आहेत. मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधीत, तर बहुतेक वेळा देवदूत सोबती म्हणूनच येतात : ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हा घोष बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या दृष्टान्तातील सेराफिमांचा, म्हणजे देवाच्या सिंहासनापाशी असलेल्या स्वर्गीय दूतांचा, आहे, आणि भाविक तो त्यांच्यासह म्हणतात.

‘संत’ या शब्दाने मराठी वाचकाची गफलत होणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या कानाला संत म्हणजे ज्ञानोबा-तुकोबा, हाडामांसाची माणसे. येथे तो लॅटिन ‘सांक्तुस’चा, म्हणजे ‘पवित्र’ या विशेषणाचा, प्रतिशब्द म्हणून आला आहे, आणि मायकल कधी माणूस नव्हता. माणूस मेल्यावर देवदूत होतो, ही समजूतही कॅथलिक शिकवणीत बसत नाही. श्रद्धांजलीच्या मजकुरात ती सर्रास आढळते. चर्चच्या नावात ‘संत मायकल’ रूढ आहे, ते बदलू नये. माहीमचे सेंट मायकल चर्च याच देवदूताच्या नावाचे आहे, जरी दर बुधवारी तेथे लोटणारी गर्दी नित्य साहाय्यक मातेच्या, म्हणजे मारियेच्या, नोव्हेना या प्रार्थनाविधीसाठी असते. अर्थात त्या मातेच्या चित्रातही मायकल व गॅब्रियल दोन बाजूंना आहेतच. मजकुरात पहिल्या उल्लेखाला ‘आद्यदेवदूत मायकल’ लिहावे. ‘आद्यदेवदूत’ हा शब्द मराठी बायबलमध्ये आहे, तो नव्याने घडवायला नको.

२९ सप्टेंबरचा सण मायकल, गॅब्रियल आणि राफाएल या तिघांचा आहे. राखणदार देवदूतांचा स्मरणदिन २ ऑक्टोबरला वेगळा असतो, त्यांची सरमिसळ करू नये. राफाएलचा संदर्भ शोधायला प्रॉटेस्टंट परंपरेचे मराठी बायबल उघडलेत, तर तो सापडणार नाही, कारण त्याची कथा असलेला तोबीतचा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. उरिएल वगैरे आणखी नावे यादीत जोडण्याचा मोहही आवरावा. ७४५ मध्ये रोमच्या धर्मसभेने अशा नावांनी धावा करण्यास मनाई केली आहे. तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘२९ सप्टेंबर रोजी कॅथलिक भाविक मायकल, गॅब्रियल व राफाएल या आद्यदेवदूतांना वंदन करतात आणि त्यांचे साहाय्य मागतात.’