द्राक्षांचा कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदराला लागला, ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, जो दाखवून माल ताब्यात मिळतो तो जहाज कंपनीचा कागद) मात्र अजून नाशिकला आमच्याच कपाटात. माल सुटेल का?

सुटेल. पण आधी सांगा, पैसे पूर्ण आलेत का? आले असतील तर बीएलच्या तिन्ही ओरिजिनल प्रती न्हावा शेवा बंदराला लाइनच्या (जहाज कंपनीच्या) ऑफिसात सरेंडर करा, म्हणजे परत द्या. ते शिक्का मारून जेबेल अलीच्या ऑफिसला मेल टाकतात, ओरिजिनल न बघता माल सोडा म्हणून. हाच टेलेक्स रिलीज. टेलेक्स मशीन कधीच भंगारात गेलं, नाव तेवढं उरलं. तिन्हींतलं एक जरी गहाळ असेल तर लाइन इंडेम्निटी बाँड (नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) मागते, बऱ्याचदा बँक गॅरंटीही. एलसीवरचा (लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) व्यवहार असेल तर बँकेला विचारल्याशिवाय सरेंडर नको.

पैसे बाकी असतील तर समोरची पार्टी 'डिमरेज (कंटेनर पडून राहिल्याचा आकार) चढतंय' म्हणून दिवसाला दहा फोन करो, कागद हातचा सोडू नका. जुनी, भरवशाची पार्टी असेल तर पुढच्या वेळी बीएलऐवजी सरळ सीवे बिल काढा, त्यावर ओरिजिनल न दाखवता माल मिळतो. ओरिजिनलची भानगडच नाही.