अणुपाणबुडी म्हणजे अणुबॉम्बवाली पाणबुडी का?

प्रश्न असा आलाय की बातम्यांमध्ये ब्रिटनच्या 'अस्ट्यूट क्लास अणुपाणबुडी'चं नाव येतं, तर तिच्यावर अणुबॉम्ब असतात का आणि नीट मराठीत तिला म्हणायचं काय.

बॉम्ब नसतात. हा मध्यमपदलोपी समास आहे, पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, तशी अणुपाणबुडी म्हणजे अणुऊर्जेवर चालणारी पाणबुडी. पण पुरणपोळीतलं गाळलेलं पद सगळ्यांना माहीत असतं, इथं ते माहीत नसलं की अणुबॉम्ब, अणुयुद्ध ऐकून तयार झालेला कान 'अणुबॉम्ब नेणारी' असंच भरून घेतो. खरं तर अणु फक्त इंजिनापुरता, रोल्स रॉइसची अणुभट्टी वाफ करते, त्यावर टर्बाइन फिरतं, इंधन 25 वर्षं बदलावं लागत नाही, प्राणवायू आणि प्यायचं पाणीही समुद्राच्या पाण्यातूनच मिळतं, म्हणून खाली किती दिवस राहायचं ते शिध्यावर ठरतं! शस्त्रं म्हणाल तर स्पिअरफिश टॉर्पेडो आणि टोमाहॉक क्रूझ क्षेपणास्त्रं, दोन्हींत साधी स्फोटकं. ब्रिटनची अण्वस्त्रं असतात व्हॅनगार्ड क्लासच्या पाणबुड्यांवर, ट्रायडंट क्षेपणास्त्रांत.

म्हणून मी 'अणुचलित' लिहिते, गाळलेलं पद परत येतं आणि शब्दही लांबत नाही.

अस्ट्यूटसारखीला इंग्रजीत 'अटॅक सबमरीन' म्हणतात, त्यातल्या 'अटॅक'साठी पेपरवाले हल्लेखोर लिहितात ते मला अजिबात पटत नाही, हल्लेखोर म्हटलं की चाकू मारून पळालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. या पाणबुडीचं मुख्य काम शत्रूच्या पाणबुड्या नि जहाजं हुडकून बुडवणं, इंग्रज तिला हंटर-किलर म्हणतातच, तेव्हा 'शिकारी' चांगला. आणि शिकारी म्हणजे अणुचलितच असंही नाही, मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी श्रेणीच्या पाणबुड्या शिकारीच आहेत पण डिझेल-इलेक्ट्रिक.

क्लासला, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या बोटींच्या गटाला, 'श्रेणी' रुळलाय, तोच ठेवा, 'वर्ग' म्हटलं की शाळा आठवते. श्रेणीला नाव बहुतेक वेळा पहिल्या बोटीचं मिळतं, अस्ट्यूट 2010 मध्ये नौदलात आली, पुढं ॲम्बुश, आर्टफुल अशी एकूण 7 नावं, सगळी इंग्रजी ए वरनं.

आपली अरिहंत मात्र अणुचलितही आहे आणि अण्वस्त्रंही नेऊ शकते, तिथं नुसतं अणुचलित लिहून भागत नाही, 'अणुचलित क्षेपणास्त्रवाहू' असं पूर्ण लिहा.