रिव्हर्सच्या वायरीकडून फक्त निरोप घ्या, करंट घेऊ नका

तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण अगदी हेच माझ्यासोबत झालंय. रात्री पावसात गाडी मागे घेताना कडेचा दगड दिसला नाही, बंपर आत गेला, म्हणून तुम्ही २० वॅटचे दोन एलईडी लाइट घेतलेत आणि बसवणारा म्हणतोय, "टेललाइटमधल्या रिव्हर्सच्या वायरीला जोड मारतो, अर्ध्या तासाचं काम." त्याच अर्ध्या तासाच्या कामापायी माझी गाडी नऊ दिवस उभी होती, त्यामुळे त्याला होकार द्यायच्या आधी एवढं वाचा.

आधीच सांगतो, मी धंद्याने वायरमन नाही, स्वतःच्या गाड्यांची कामं बरीच वर्षं स्वतः करतोय इतकंच. तुमची गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी (जास्त व्होल्टेजच्या) केबलच्या आसपाससुद्धा जाऊ नका, ते माहीतगाराचं काम. बाकी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवणं वगैरे तुम्हाला माहीत असणारच.

माझी आधीची गाडी जुनी आणि साधी होती. गिअरबॉक्सवर स्विच, तिथून वायर सरळ बल्बला, मध्ये काही नाही. तिला मी असाच जोड मारून एक जादा लाइट लावला होता आणि तो सहा वर्षं चालला. गाडी विकायच्या वेळी तो स्विच बदलावा लागला, कॉन्टॅक्ट पार काळे पडले होते, पण तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नाही. नवी गाडी आली आणि मी तेच केलं. हीच माझी चूक. नव्या बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचा बल्ब स्विचवर नसतोच, गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्याला करंट देतो आणि किती करंट जातोय यावर सतत नजर ठेवतो. २१ वॅटचा एक बल्ब म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम पावणेदोन अँपिअर. २० वॅटचे दोन लाइट जोडले की त्यात आणखी सव्वातीन अँपिअरची भर, आणि एलईडीच्या आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) चालू होताना क्षणभर याहून बरंच जास्त खेचतात. मॉड्यूलला हे शॉर्ट झाल्यासारखं वाटू शकतं.

वर जोड कसला मारला तर ती प्लास्टिकची निळी क्लिप. वायर सोलायची नाही, क्लिप पक्कडीने दाबली की आतली पात इन्सुलेशन कापून तांब्यात घुसते. दोन महिने सगळं झकास, मागे लख्ख उजेड, मी खूश. मग एका रात्री धो धो पाऊस, चढावर गाडी मागे घेत होतो, बायको बाहेर छत्री धरून मोबाइलच्या टॉर्चने दिशा दाखवत होती. दोन्ही लाइट एकदा लुकलुकले आणि विझले, पाठोपाठ कंपनीचा रिव्हर्स बल्ब गेला, आणि त्याच वायरीवरून सिग्नल घेणारा कॅमेराही काळा झाला. स्क्रीन काळी, काच काळी, मागे माणूस उभा. मी हँडब्रेक ओढला आणि तिला ओरडून बाजूला व्हायला सांगितलं. तो क्षण अजून विसरलेलो नाही.

सकाळी क्लिप उघडली तर आत हिरवी पूड. पातीने अर्ध्याहून जास्त तारा कापल्या होत्या, उरलेल्यांवर गंज चढलेला, आणि ओल बाजूच्या पत्र्यापर्यंत पोचलेली. क्लिप काढून जोड साफ करून टेप मारली तरी रिव्हर्सचा बल्ब लागेना. बल्ब चांगला, फ्यूज चांगला, होल्डरवर व्होल्टेज शून्य. मॉड्यूलने ती लाइनच बंद करून टाकली होती.

आता यातला खरा मनस्ताप. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही. त्यांनी मागचा लाइट बघितला आणि पहिलं वाक्य, "बाहेरचं काम केलंय, इलेक्ट्रिकलची वॉरंटी गेली." ठीक आहे, या बिघाडापुरतं मला मान्य, चूक माझी होती. पण पूर्ण इलेक्ट्रिकलची कशी? लेखी द्या म्हटलं तर साहेब रजेवर. स्कॅनरला, म्हणजे मॉड्यूलमधले बिघाड वाचणाऱ्या यंत्राला, काय कोड आला त्याची प्रिंट मागितली तर "कस्टमरला देत नाही." रोज फोन केला की रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी मॉड्यूलच बदलावा लागेल म्हणाले, बदलला, पैसे मी भरले, आणि जुना मॉड्यूल मागितला तर तो "पाठवून दिला". पुढे एका जाणत्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं की काही गाड्यांत वारंवार शॉर्ट दिसला की मॉड्यूल ती लाइन लॉक करतो आणि दुरुस्तीनंतर स्कॅनरने ते लॉक काढता येतं. माझ्या गाडीत तेवढंच झालं होतं का हे मला कधीच कळणार नाही, कारण ना प्रिंट हातात ना जुना पार्ट. म्हणून सांगतो, गाडी कुठेही द्या, पण फॉल्ट कोडची प्रिंट आणि काढलेला पार्ट मिळेल असं जॉबकार्डवर आधी लिहून घ्या. तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही.

आता योग्य पद्धत. रिव्हर्सच्या वायरीकडून फक्त निरोप घ्यायचा की गिअर पडलाय, करंट दुसरीकडून आणायचा. म्हणजे चार पिनांचा रिले, थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. पिनांवर आकडे असतात. ८६ ला रिव्हर्सची वायर, ८५ ला अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारी निगेटिव्ह), ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ वरून लाइटला. रिलेची कॉइल साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, त्याचा मॉड्यूलला त्रास नाही. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले घ्या, नाहीतर कॉइल बंद होताना उलटा झटका मॉड्यूलकडे जातो, आणि डायोडवाला असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल करू नका. काही गाड्यांत मॉड्यूल बल्बला सलग करंट न देता तुकड्यातुकड्यांत देतो, मग रिले टरटरतो. बल्ब लावलेला ठेवून होल्डरवर मीटर धरा, बॅटरीपेक्षा बरंच कमी दिसलं तर एकतर तुकडे पडतायत किंवा वायरिंगमध्ये कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय, दोन्हीचा छडा लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. तो लाइटसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे रिलेजवळ मागे लावून उपयोग नाही. तुमच्या दोन लाइटना साडेसात अँपिअरचा पुरे. वायर दीड स्क्वेअर एमएमची घ्या. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर वायरीत सव्वातीन अँपिअरला अर्धा व्होल्टहून जास्त खाल्ला जातो, आणि गाडी लांब असेल तर आणखी. पुढून वायर ओढायची नसेल तर डिकीतल्या १२ व्होल्ट सॉकेटची लाइन चालते, फक्त तिच्या फ्यूजवरचा आकडा आधी वाचा. जोड क्रिम्प करा (धातूच्या नळीत घालून दाबा) आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. अर्थ घेताना रंग खरवडून कोरा पत्रा दिसला पाहिजे, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसला की वरून ग्रीस. लाइटकडे जाणारी वायर आधी खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे पाणी वायरीवरून चालत कनेक्टरमध्ये न शिरता तिथेच ठिबकतं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. आधी आहे ते नीट करा. टेललाइटची काच पिवळी पडलीय का, होल्डरला कार्बन आहे का, मागच्या काचेला गडद फिल्म आहे का? साध्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. माझ्या जुन्या गाडीत नुसता अर्थ घासून फरक पडला होता. बल्बच्या जागी एलईडी बल्ब टाकणारे बरेच आहेत, पण तो करंट कमी घेतो म्हणून डॅशवर बल्ब गेल्याची खूण येते, मग लोक ६ ओहमचा रेझिस्टर लावतात, जो चालू गाडीत ३० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. तो प्लास्टिकला किंवा कार्पेटला टेकलेला मी स्वतः पाहिलाय. पत्र्यालाच स्क्रू करा, नाहीतर लावू नका.

लाइट पसरट उजेडाचा घ्या, लांब झोताचा नको. खाली बंपरच्या पातळीला लावला तर दगडाची लांब सावली पडते आणि खड्डा ओळखू येतो, पण चिखल बसतो, रोज पुसायची तयारी ठेवा. फार निळसर पांढरा ओल्या जमिनीवर डोळ्यांवर येतो, ४००० ते ५००० केल्व्हिन मला बरा वाटतो. कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवू नका, चित्र धुवून निघतं. तोंड खाली, उजेड गाडीमागे दोनतीन मीटरवर पडला पाहिजे. लावून झाल्यावर मागे जाऊन खाली बसून बघा, मागून येणाऱ्याच्या डोळ्यात तो थेट जातोय का. रिव्हर्स लाइटच्या संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमांना अनेक देश धरून चालतात त्यात आडव्या रेषेवर ३०० कॅन्डेलाची (उजेडाच्या तीव्रतेचं माप) कमाल मर्यादा आहे, आणि असे जादा लाइट बरेचदा त्याहून कितीतरी प्रखर असतात. तुमच्याकडे काय चालतं ते विचारून घ्या. आणि गिअर न टाकता लाइट लावायचा वेगळा स्विच बसवूच नका, एकदा चालू राहिला की मागच्या गाडीवाल्याला आंधळं करत तुम्ही कित्येक किलोमीटर जाता आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

त्या बसवणाऱ्याला बोलवायच्या आधी दोन गोष्टी बघून इथे लिहा. रिव्हर्स टाकून होल्डरवर किती व्होल्ट येतात, आणि डिकीतल्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे. त्यावरून रिले कुठे बसवायचा ते सांगतो.