सगळ्यांना एकच शुभेच्छा? आमच्या प्रेसमध्ये या एकदा

तुमचं म्हणणं असं की ऑफिसात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, जैन, बौद्ध सगळे आहेत, मग डिसेंबर-जानेवारीत प्रत्येकाला वेगळं काय म्हणत बसायचं, ग्रुपवर एकच 'हॅपी हॉलिडेज' टाकलं तर चालंल का. टाका की, कोण अडवतंय. पण ते कुणाच्याच मनाला भिडत नाही. आणि हॉलिडे तरी कुठला, 25 तारीख सोडली तर 1 जानेवारीलासुद्धा आपल्याकडं निम्मी जनता कामावर असते.

आमची कोल्हापुरात ऑफसेट प्रेस आहे, वडिलांपासूनची. ग्रीटिंगचं काम व्हॉट्सॲपनं खाल्लं, तरी शिरोली एमआयडीसीतले एकदोन फौंड्रीवाले अजून कार्ड छापून घेतात. मागं अशीच एक ऑर्डर आली, कामगार, सप्लायर, बाहेरदेशचे कस्टमर सगळ्यांना पाठवायचं होतं, तर आमचा दादा म्हणाला एकच डिझाइन करू, 'सीझन्स ग्रीटिंग्ज', कुणाची कटकट नको. चित्र कुठलं तर बर्फ, हरणं आणि चिमणीतनं धूर. कोल्हापुरातली थंडी म्हणजे पहाटे पंचगंगेवर धुकं आणि दहा वाजता स्वेटर गाडीच्या डिकीत, बर्फ ह्यानं कुठनं आणला देव जाणे.

त्यावेळी प्रूफ तपासायला एक रिटायर्ड मास्तर यायचे, ख्रिश्चन, मराठी असं कडक की ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर गिऱ्हाइकासमोर झापायचे. त्यांनी ते कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि दादाला विचारलं, "यात नाताळ कुठाय?" दादा म्हणाला, सर तुम्हीपण यातच आला की. सर म्हणाले, "मग दिवाळीचं कार्डपण असंच छाप, शरद ऋतूच्या शुभेच्छा." झालं, दादा गप्प. इथं कोल्हापुरात वायल्डरसाहेब ह्या अमेरिकन मिशनऱ्यानं 1852 मध्ये मिशन सुरू केलं, नाताळ काय काल मॉलमधनं आला नाही.

तरी दादाचं चालूच, वेगळं छापलं तर खर्च वाढतोय. अरे, छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. चित्र चार रंगांत छापायचं आणि मजकूर नुसता काळ्यात ठेवायचा, मग तेवढी काळी प्लेट बदलली की नाताळचं कार्ड वेगळं, संक्रांतीचं वेगळं. कॅलेंडरावर दुकानाचं नाव आपण असंच बदलतो, हे ह्याला मी शिकवायचं? मग म्हणतो, वेगळं केलं की भेदभाव दिसतोय. शाहू महाराजांच्या गावात राहून हे बोलायचं! जैन बोर्डिंग 1901 चं, मुस्लिम बोर्डिंग 1906 चं, आणखी किती तरी समाजांच्या पोरांसाठी अशी वसतिगृहं त्यांनी उभी केली, त्याला भेदभाव म्हणायचं का? ज्याला त्याला नावानं ओळखणं वेगळं आणि बाजूला काढणं वेगळं.

बरं, तुमचं उत्तर. ख्रिश्चन माणसाला 25 ला सरळ 'शुभ नाताळ' म्हणा, लाजू नका. 6 डिसेंबरला कुणाला शुभेच्छा देऊ नका, तो महापरिनिर्वाण दिन आहे, अभिवादन करतात, तिथं फुलांचं गुड मॉर्निंग टाकणारे महाभाग मी बघितलेत. मुस्लिम मित्राला हिवाळ्यातच काहीतरी म्हटलं पाहिजे असं नाही, ईदला म्हणा, ती दरवर्षी 10-11 दिवस अलीकडं सरकते, 2030 मध्ये तर रमजान जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर परत सुरू होणार. संक्रांतीचा तिळगूळ मात्र टेबलाटेबलावर सगळ्यांना द्या, आमच्याकडं कुणीच नको म्हणत नाही. केक आणणार असाल तर अंड्याशिवायचा आणा, जैन मंडळी असतात आणि मार्गशीर्षातला गुरुवार आला तर अर्ध्या बायकांचा उपवास.

अमेरिकेतल्या क्लायंटला 'हॅपी हॉलिडेज' लिहा, तिथं ते बरोबर आहे, कारण तिकडं ज्यूंचा हनुक्का, ख्रिसमस, 26 डिसेंबरपासून आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा क्वान्झा असं सगळं एका रांगेत येतं आणि समोरचा काय पाळतो ते आपल्याला ठाऊक नसतं. रशियन ऑर्थोडॉक्स असला तर त्याचा ख्रिसमस 7 जानेवारीला.

आणि हो, आडनावावरनं धर्म ठरवायला जाऊ नका. कांबळे हिंदूपण असतात, बौद्धपण, ख्रिश्चनपण. पाटील तर विचारूच नका, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम काहीही निघतोय. माहीत नसंल तर चहा घेताना विचारा, "तुमच्यात कुठला सण मोठा?", कुणाला राग येत नाही. काहींना दुसऱ्याच्या सणाच्या शुभेच्छा द्यायला किंवा घ्यायला आवडत नाहीत, त्यांच्या मागं लागू नका, 'नवीन वर्ष सुखाचं जावो' एवढं बास.

त्या ऑर्डरीत शेवटी काळी प्लेट तीनदा बदलली आणि पार्टीनं बिल एका फटक्यात दिलं. दादा, तू हे वाचणार मला माहिताय, जादा प्लेटांचा खर्च वहीत लिहिलेला आहे, काढून बघ आणि मग बोल.