बिझनेस कम्युनिकेशनची पदवी: अभ्यासक्रमाचा कागद आत्ताच हातात घ्या

तुमची अडचण वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. बिझनेस कम्युनिकेशनच्या पदवीचं दुसरं वर्ष, घरचे म्हणतात "ईमेल लिहायला पदवी कशाला", पुढच्या शिक्षणाची चौकशी केली तर समोरून प्रश्न येतो की ही पदवी वाणिज्यची की कलाशाखेची, आणि तुमच्या कॉलेजचं कार्यालय सांगतं, "गुणपत्रिकेत सगळं आहे." हे शेवटचं वाक्य मीही ऐकलेलं आहे, त्याच शब्दांत. अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत काय बोलायचं हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी थेट त्या कार्यालयावर येते.

आधी एक सांगून ठेवते. माझी पदवी होऊन बराच काळ लोटलाय आणि प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात. तेव्हा तारखा आणि अटी तुमच्या तुम्ही तपासा.

गुणपत्रिकेवर पेपरचं नाव असतं, पेपरात काय शिकवलं ते नसतं. माझ्या गुणपत्रिकेवर "बिझनेस कम्युनिकेशन ४" अशी एक ओळ होती. त्या पेपरात आम्ही प्रश्नावली कशी तयार करायची, नमुना कसा निवडायचा इथपासून प्रमाण विचलन आणि काय-स्क्वेअर चाचणी या संख्याशास्त्राच्या भागापर्यंत सगळं शिकलो होतो. पदव्युत्तर प्रवेशाला संशोधनपद्धती किंवा संख्याशास्त्राचे क्रेडिट हवे होते. छाननी समितीनं ती ओळ वाचली आणि पत्रलेखनाचा पेपर समजून बाजूला ठेवली. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी अगदी रास्त मागणी केली: ज्या वर्षी तुम्ही शिकलात त्याच वर्षीचा घटकवार अभ्यासक्रम, तासिका आणि क्रेडिटसह, सही-शिक्क्यानिशी आणा.

तिथून माझी फरपट सुरू झाली. कार्यालय म्हणे विभागाकडून घ्या, विभाग म्हणे परीक्षा विभागाकडे जा. परीक्षा विभागानं सांगितलं की अभ्यासक्रम आता बदललाय, नवा वेबसाइटवर आहे, तोच छापून द्या. नव्यात त्या पेपरचं नाव बदललेलं आणि संख्याशास्त्राचा भाग दुसऱ्याच पेपरात हलवलेला. ती प्रत जोडल्यावर माझी गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम एकमेकांशी जुळेनात आणि समितीचा संशय उलट वाढला. लेखी अर्जाला उत्तर नाही, खिडकीवर गेलं की "साहेब रजेवर आहेत". मुदत संपली, त्या वर्षीचा प्रवेश गेला. पुढे एका नव्या कर्मचाऱ्यानं शेजारचं कपाट उघडलं, जुनी छापील पुस्तिका काढली आणि झेरॉक्स काढून शिक्का मारून दिला. कागद पहिल्या दिवसापासून तिथंच होता. आजही त्याचा संताप येतो. खिडकीवरच्या माणसाला मी फारसा दोष देत नाही, कारण हा कागद द्यायची जबाबदारी कुणाची हे तिथं कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं. ते लिहून ठेवणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते केलं नाही आणि किंमत विद्यार्थ्यानं मोजली.

म्हणून माझा आग्रह आहे की पदवी संपायची वाट पाहू नका. प्रत्येक सेमिस्टर संपलं की त्या वर्षीचा घटकवार अभ्यासक्रम शिक्क्यासह घ्या. तोंडी मागू नका. अर्ज एका पदाच्या नावानं करा, बाकीच्यांना प्रत द्या. पहिल्याच वाक्यात काय हवं आणि कधीपर्यंत ते येऊ द्या: "अमुक सेमिस्टरच्या चार पेपरांच्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत मला अमुक तारखेपर्यंत हवी आहे." कारण, पार्श्वभूमी, विनंती हे सगळं त्याच्या खाली. एका अर्जात एकच मागणी. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. आवक क्रमांक असला की "अर्ज मिळालाच नाही" हे उत्तर बंद होतं.

आता घरच्यांच्या प्रश्नाबद्दल, कारण तो तुम्हाला आतून पोखरतोय असं वाटलं. त्यांना नासाच्या कोलंबिया अंतराळयानाची गोष्ट सांगा. २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधून तो स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं ठळक शीर्षक वाचून वाटावं की चाचण्यांनुसार बरीच सुरक्षितता हाताशी आहे. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, खरी बाब होती: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा आणि प्रत्यक्ष आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. यान परतताना कोसळलं, सातही अंतराळवीर गेले. अपघाताचं मूळ कारण पंखाला पडलेलं भगदाड, स्लाइड नव्हे, हे खरंच. पण चौकशी मंडळानं आपल्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा केली आणि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. महत्त्वाची गोष्ट कागदावर कुठं ठेवायची, कुणासाठी, किती स्पष्ट, हा तुमच्या पदवीचा विषय आहे.

अर्थात हे शिकवलं जात असेल तर. कारण या विषयाच्या नावाखाली कचराही भरपूर खपवला जातो. "संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५" हे तुम्हालाही शिकवलं असेल. हे आकडे ज्यांच्या नावावर खपतात त्या मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावना आणि आवडनिवड कळण्यापुरते होते, एकेकटे शब्द आणि चेहऱ्यांची छायाचित्रं वापरून केलेले. सगळ्या संवादाला ते आकडे लागू होत नाहीत, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. तरी अजून ते पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत ठाण मांडून बसलेत. परीक्षेत विचारलं तर मार्क घ्या, डोक्यात ठेवू नका.

पदवी सोडावी का? माझं मत रोखठोक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. तुमच्या उरलेल्या पेपरांत अहवाललेखन, संस्थांतर्गत संवाद आणि संशोधनपद्धती असेल तर सोडू नका. नुसतं व्याकरण, पत्रांचे ठरावीक नमुने आणि व्यक्तिमत्त्व विकास एवढंच असेल तर दुसऱ्या वर्षातच दुसऱ्या अभ्यासक्रमात बदली बघा, तिसऱ्यात ते जड जातं. राहणार असाल तर ऐच्छिक विषयांत हिशेबशास्त्र घ्याच. भागधारकांना जाणारं पत्र लिहायचं तर ताळेबंद वाचता यायला हवा. नफा वाढला आणि रोकड आटली हे दोन्ही एकाच वर्षी कसं घडतं हे ज्याला कळत नाही, त्याला नुसती सफाईदार भाषा उपयोगी पडत नाही. वर्गातली बरीच मुलं आकड्यांना घाबरून जाहिरात आणि सोशल मीडियाचे पेपर घेतात. त्याबद्दल तक्रार नाही, पण नोकरीत आकडे वाचता येणाऱ्यालाच फायदा होतो असा माझा अनुभव आहे.

जाता जाता: केलेल्या कामाची फाइल ठेवा. एखादी किचकट सूचना किंवा परिपत्रक घ्या, शेजारी तुम्ही सुटसुटीत केलेलं रूप ठेवा आणि खाली दोन ओळींत काय बदललं, का बदललं ते लिहा. इंटर्नशिपमधले कागद असतील तर परवानगीशिवाय बाहेर काढू नका, नावं-आकडे बदलूनसुद्धा नाही. २०२३ मध्ये सोप्या भाषेसाठी आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलंय. त्याची तत्त्वं डोळ्यांखालून घाला, मुलाखतीत त्यांच्या आधारानं बोलता येतं.

आणि तुमची मुदत जवळ आलीय असं लिहिलंय म्हणून शेवटचं. आपल्या कार्यालयाच्या उत्तराची वाट बघत बसू नका. जिथं प्रवेश हवा त्या विभागाला आजच लेखी विचारा: साक्षांकित अभ्यासक्रम नंतर दिला तर सशर्त प्रवेश मिळेल का, आणि तोवर पेपरनिहाय तपशील देणारं विभागप्रमुखांचं सहीचं पत्र चालेल का. हो म्हणाले तर ते पत्र स्वतः तयार करून न्या, विभागप्रमुखांना फक्त तपासून सही करावी लागेल असं. सोबत आवक क्रमांकाच्या अर्जाची प्रतही जोडा, म्हणजे उशीर तुमच्याकडून झालेला नाही हे त्यांना कागदावर दिसेल.