श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात? आरंभ ‘तुंबाडचे खोत’पासून करावा का?

आरंभ ‘गारंबीचा बापू’पासून (1952) करावा, असे मी सुचवेन. पेंडसे यांचा जन्म दापोली तालुक्यातील मुर्डीचा. मी त्याच तालुक्यात राहत असल्यामुळे पुढील मतात थोडा पक्षपात असेल, हे आधीच सांगून ठेवतो. बापू आणि राधा यांच्या कथेत गावाचा दरारा, कुजबुज आणि त्यांना न जुमानणारा एक माणूस इतक्या वेगाने समोर येतात की लेखकाच्या बोलीची सवय वाचकाला नकळत होऊन जाते.

त्यानंतर ‘रथचक्र’ (1962) घ्यावी, पण घाईने नव्हे. नवरा घर सोडून गेल्यावर मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबात आणि पुढे एकटीने झगडणारी ही आई पेंडसे यांनी कोठेही देव्हाऱ्यात बसवलेली नाही; तिचा हट्ट वाचकाला जाचतो, आणि माझ्या मते हेच या कादंबरीचे खरे बळ आहे. तिला 1963 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘तुंबाडचे खोत’ (1987) दोन खंडांची, जगबुडी नदीच्या काठावरील एका घराण्याच्या पिढ्यांची कहाणी आहे; ती पावसाळ्यासाठी राखून ठेवावी. ‘एल्गार’ आणि ‘हद्दपार’ या सुरुवातीच्या कादंबऱ्या नंतर वाचल्या तरी चालतील.